न केलेल्या प्रयोगाचे गुण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र यांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे आपण ऐकली आहेत. आज रसायनशास्त्राच्या शिक्षणावर बोलावयास आम्ही उभे आहोत, आणि आमचा त्या विषयावर यत्किंचितही अधिकार नाही, हे आरंभीच कबूल करतो. आम्ही बी.ए. झालो तेही इतिहास घेऊन. शाळेत गंधक जाळल्यावर आलेला ठसका, एवढीच आमची रसायनशास्त्राची पुंजी. पुढे केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि आयुष्य फायलींच्या सहवासात गेले. तरीही हा विषय आम्ही निवडला, कारण तो आमच्या घरात शिरला, आणि आज तो येथील बहुतेक घरांत शिरलेला आहे.

गोष्ट २०२० सालची. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. आमची कन्या तेव्हा बी.एस्‌सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकत होती. महाविद्यालय बंद, प्रयोगशाळेला कुलूप. प्राध्यापक आपापल्या घरून संगणकावर बोलत आणि मुले आपापल्या घरून भ्रमणध्वनीवर ऐकत. काही महिन्यांनी तिच्या प्रात्यक्षिकाचा निकाल आला. पैकीच्या पैकी गुण! आम्ही पेढे आणावयास निघालो, तो ती म्हणाली, "बाबा, पेढे नकोत. ज्या प्रयोगाला हे गुण मिळाले ना, त्यातली ब्युरेट मी हातात धरलेलीच नाही. वाचने मैत्रिणीच्या वहीतून उतरवली, आणि तिने आणखी कोणाच्या वहीतून."

आम्ही चपापलो. कागदावर पूर्ण झालेली आणि प्रत्यक्षात पायाही न खणलेली कामे सरकारी नोकरास नवी नाहीत; अशा कागदांवर लाल शेरे मारण्यात आमची उमेद गेली. तसलाच एक कागद आता आमच्याच घरात आला होता, आणि त्यावर आमच्याच मुलीचे नाव होते. दोष कोणाला द्यावा? तो काळच तसा होता. शिक्षकांनी होते त्या साधनांनिशी वर्ष पार पाडले, हेच पुष्कळ. पण प्रश्न राहिलाच. प्रयोगशाळा बंद असताना रसायनशास्त्र खरोखरीच शिकता येते काय? आणि प्रयोगशाळा उघडी असली तरी आपली मुले ते खरोखरीच शिकतात काय?

या दुसऱ्या प्रश्नाने आमची कन्या झपाटली. ती पुढे एम.एस्‌सी. झाली, आणि आता एका महाविद्यालयात तासिकेवर शिकविते. सायंकाळी घरी येऊन ती पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी लहानलहान ऑनलाइन धडे रचते. त्या धड्यांचा पहिला विद्यार्थी होण्याचा मान आमचा. तिचे म्हणणे असे की, जो धडा बाबांना अडवील पण पळवून लावणार नाही, तोच वर्गात न्यावा. तेव्हा आज आपल्यापुढे बोलत आहे तो तज्ज्ञ नव्हे, प्रयोगाचा उंदीर आहे!

तिचा पहिला धडा साफ फसला, हे आधी सांगितले पाहिजे. चाळीस मिनिटांचे उत्तम व्याख्यान तिने चित्रित केले. आम्ही ते ऐकावयास बसलो, आणि दहाव्या मिनिटास आमचा डोळा लागला. विद्यार्थ्यांची स्थिती निराळी नव्हती. शेवटपर्यंत कोणी पोहोचलेच नाही. कन्या हिरमुसली. तथापि येथेच तिला विषयाचे मर्म गवसले, असे आम्हांस वाटते. फळ्यावरचे व्याख्यान पडद्यावर आणून ठेवले म्हणजे ते ऑनलाइन शिक्षण होत नाही. ऐकणारा जसा वर्गात निष्क्रिय, तसाच घरीही निष्क्रिय. वर्गात निदान मास्तरांचा धाक असतो, घरी तोही नाही.

दुसऱ्या खेपेस तिने धड्याची मांडणीच उलटी केली. आधी प्रश्न, मग विद्यार्थ्याचे उत्तर, मग प्रयोग किंवा चित्र, आणि स्पष्टीकरण सर्वांत शेवटी. उत्तर लिहिल्याखेरीज पुढचे पान उघडतच नाही. तो पहिला प्रश्न आम्हांस आजही आठवतो : उकळत्या पाण्यातून जे मोठाले बुडबुडे वर येतात, त्यांत काय असते? आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने 'हवा' असे लिहिले. धड्याने आम्हांस 'चूक' म्हटले नाही. त्याने विचारले, "पाणी दहा मिनिटे उकळत ठेवले तरी बुडबुडे थांबत नाहीत. एवढी हवा त्या पाण्यात कोठून आली?" आम्ही उठून स्वयंपाकघरात गेलो, पातेले चुलीवर ठेवले आणि पाहत उभे राहिलो. सौभाग्यवतींनी विचारले, "चहा हवा आहे का?" आम्ही म्हणालो, "नको, रसायनशास्त्र चालू आहे."

उत्तर असे की, पाणी तापू लागताना तळाशी चिकटणारे बारीक बुडबुडे विरघळलेल्या हवेचे असतात. उकळीचे मोठे बुडबुडे मात्र निव्वळ वाफेचे, म्हणजे पाण्याचेच. आम्ही इतिहासवाले, आमचे चुकले तर नवल नाही. पण तिच्या वर्गातील कित्येकांनी 'हायड्रोजन व ऑक्सिजन' असे उत्तर दिले होते! पाण्याचे सूत्र त्यांना तोंडपाठ होते. म्हणून उकळताना ते सूत्र फुटून दोन वायू निघत असावेत, असा त्यांचा समज. पाठांतर पक्के आणि समज उलटी, हा आपल्या शिक्षणाचा जुना रोग या एका प्रश्नात उघडा पडला.

स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील अ‍ॅलेक्स जॉनस्टन या रसायनशास्त्राच्या अध्यापकांनी या रोगाचे निदान पूर्वीच करून ठेवले आहे. ते म्हणत की, रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर चालते. एक डोळ्यांना दिसणारी : मीठ पाण्यात विरघळले. दुसरी न दिसणारी : मिठाचे आयन सुटे होऊन पाण्याच्या रेणूंनी वेढले गेले. तिसरी चिन्हांची : कागदावर लिहिलेले समीकरण. शिक्षक या तीन मजल्यांवरून सहज चढउतार करतो. विद्यार्थी मात्र तिसऱ्या मजल्यावरच अडकून पडतो आणि चिन्हे घोकीत बसतो. संगणकाचा खरा उपयोग येथे आहे. मधला न दिसणारा मजला तो दाखवू शकतो. रेणूंची हालचाल, त्यांचा आकार, त्यांची टक्कर ही फळ्यावर खडूने दाखविता येत नाहीत.

या कामी साधने नाहीत असेही नाही. ती आहेत, आणि बहुतांशी विनामूल्य आहेत. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली 'फेट' नावाचा उपक्रम सुरू केला. त्यातील चलत्‌चित्रांत विद्यार्थी स्वतः आम्लाचे प्रमाण बदलतो, पाणी ओततो आणि परिणाम पाहतो. त्यांपैकी काही मराठीतही उपलब्ध आहेत. आपल्या देशात केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय मोहिमेतून 'व्हर्च्युअल लॅब्स', म्हणजे आभासी प्रयोगशाळा, उभ्या राहिल्या. दिल्लीच्या आय.आय.टी.च्या पुढाकाराने अनेक संस्था तीत सामील झाल्या. त्यांत पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि आपल्या शेजारच्या आग्र्याचे दयालबाग विद्यापीठही आहे. रसायनशास्त्राचे पुष्कळसे प्रयोग अमृता विद्यापीठाने सिद्ध केले. मुंबईच्या आय.आय.टी.त रसायन-अभियांत्रिकीचे प्राध्यापक राहिलेले कन्नन मौद्गल्य यांच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात रेणूंच्या त्रिमितीय आकृती काढावयास शिकविणारे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ आहेत. त्यांची रीत अशी की, थोडे ऐकावे, थांबावे, आणि तेच आपल्या हाताने करून पाहावे. प्रकल्पातील अनेक पाठ भारतीय भाषांत ऐकावयास मिळतात. ज्या घरी इंटरनेट नाही त्यांच्यासाठी २०१७ पासून 'स्वयंप्रभा'च्या दूरदर्शन वाहिन्या आहेत.

या आभासी प्रयोगशाळेत आम्ही स्वतः टायट्रेशन केले. पडद्यावर ब्युरेट, तिच्यात अल्कली. खाली शंकुपात्रात आम्ल आणि फिनॉल्फ्थेलिनचे दोन थेंब. तोटी फिरविली की थेंब पडू लागतात. द्रावण रंगहीन असते, आणि एका थेंबासरशी फिके गुलाबी होते, तेथेच थांबावयाचे. आम्ही पाच वेळा चुकलो. पाचही वेळा द्रावण गडद गुलाबी झाले. सहाव्या वेळी जमले. खऱ्या प्रयोगशाळेत पाच वेळा चुकण्याची मुभा कोण देईल? रसायने महाग, तास अपुरा, आणि एका ब्युरेटमागे चार मुले उभी. चुकण्याची मोकळीक हे या साधनाचे मोठेच दान आहे.

पण येथे एक सावधगिरीचा शब्द. महाविद्यालये पुन्हा उघडली तेव्हा जी मुले पडद्यावर तरबेज झाली होती त्यांचे हात खऱ्या तोटीवर थरथरतच होते. पायरी कळली होती, हात बसला नव्हता. पिपेट धरणे, वाचन घेताना डोळा पातळीवर आणणे, काच फुटू न देणे, हे पडदा शिकवीत नाही. पडदा पूर्वतयारीपुरता घ्यावा; प्रयोगशाळेच्या जागी त्याची स्थापना करू नये. पैसा वाचविण्यासाठी कोणी प्रयोगशाळेलाच टाळे लावून तिच्या जागी पडदा देऊ लागले, तर पालकांनी नम्रपणे, पण ठामपणे विरोध केला पाहिजे.

म्हणूनच कन्या आपल्या धड्यांना घरच्या वस्तूंची जोड देते. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक उत्तम दर्शक आहे आणि आपण त्यास देव्हाऱ्यात ठेविले आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते. त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळी. हळदीपासून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर आधारलेली. हळदीत भिजवून वाळविलेला कागद, साबणाचे पाणी, सोडा, चिंचेचे पाणी आणि लिंबू एवढ्या सामग्रीवर आम्ल आणि आम्लारी यांचा पहिला धडा होतो. विद्यार्थी आधी अंदाज लिहितो, मग कागद बुडवितो, मग छायाचित्र पाठवितो. त्या दिवशी सौभाग्यवतीही वर्गात दाखल झाल्या, आणि त्यांचे सगळे अंदाज बरोबर आले. आमचे दोन चुकले.

हे झाले सोपे. पदवीच्या पातळीवरचा एक प्रश्न सांगतो, कारण चांगला प्रश्न कसा असावा याचा तो नमुना आहे. आम्लतेचे माप म्हणजे सामू. सातच्या खाली आम्ल, सातच्या वर आम्लारी. हायड्रोक्लोरिक आम्लाचे द्रावण दसपट पातळ केले की सामू एकाने वाढतो : दोनाचा तीन, तिनाचा चार. आता ते इतके पातळ केले की लिटरभर पाण्यात आम्ल एका मोलाचा दहा कोटीवा भाग एवढेच उरले. तर सामू किती? सूत्रात आकडे घालणारा विद्यार्थी तात्काळ आठ असे उत्तर देतो. क्षणभर थांबून विचारा : आम्लात पाणी, कितीही, ओतले म्हणून ते आम्लारी होईल काय? दुधात पाणी घालीत गेल्याने त्याचे ताक होत नाही! चूक अशी की, शुद्ध पाण्यातही स्वतःचे थोडे हायड्रोजन आयन असतात, लिटरमागे मोलाचा एक कोटीवा भाग. या प्रश्नात ते आम्लाच्या आयनांहून दसपट आहेत, आणि सूत्र लावणारा नेमके त्यांनाच विसरतो. दोन्ही हिशेबात धरले की सामू येतो ६.९८, म्हणजे सातच्या किंचित खालीच. ज्याने आधी आठ लिहिले आणि मग आपली चूक आपणच पकडली, तो हा धडा जन्मभर विसरत नाही. ज्याला ६.९८ हे उत्तर आयते सांगितले, तो परीक्षेनंतर विसरतो.

असा एक प्रश्न रचावयास कन्येला कधी कधी सबंध रविवार लागतो. कठीण काम बरोबर उत्तर लिहिण्याचे नाही, चुकीची उत्तरे लिहिण्याचे आहे. ती मनाने रचून चालत नाहीत. मुलांच्या डोक्यात खरोखर असलेल्या चुका गोळा कराव्या लागतात. तिच्याकडे अशा चुकांची एक जाड वही आहे. आमच्याही चुका तीत सन्मानाने विराजमान आहेत.

या रीतीने खरोखरच लाभ होतो काय, असा सरकारी प्रश्न आम्हीही विचारला. २०१४ साली अमेरिकेत स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान, गणित व अभियांत्रिकीच्या पदवी-वर्गांवरील २२५ अभ्यास एकत्र करून तपासले. निव्वळ व्याख्याने ऐकणाऱ्या वर्गांत शंभरांत सुमारे ३४ विद्यार्थी नापास होत. जेथे विद्यार्थ्यांकडून कृती, चर्चा व प्रश्नोत्तरे करवून घेतली जात, तेथे सुमारे २२. पुढे २०१९ साली हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या वर्गांत आणखी एक मौज आढळली. कृतिशील रीतीने शिकलेली मुले अधिक शिकली होती. पण त्यांना स्वतःला मात्र आपण कमी शिकलो असे वाटत होते! सुरेख व्याख्यान ऐकले की सारे समजल्यासारखे वाटते, आणि डोके खाजवावे लागले की आपण मठ्ठ आहोत असे वाटते. पालकांनी हे ध्यानी घ्यावे. मुलगा कुरकुरला म्हणजे धडा वाईट, असे समजू नये.

आणि ही रीत परदेशातून आयात झाली असेही नव्हे. आपल्या झाशीहून भोपाळमार्गे इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर होशंगाबाद लागते; आता त्याचे नाव नर्मदापुरम्. त्या जिल्ह्यात १९७२ साली १६ ग्रामीण शाळांत विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. त्यात मुले पाठ करीत नसत. साध्या साहित्यावर प्रयोग करून, आपसांत वाद घालून स्वतः निष्कर्ष काढीत. पुढे 'एकलव्य' संस्थेने तो वाढविला आणि २००२ पर्यंत तो चालला. मुंबईत १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. तेथे २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीही राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. त्याही आधी, १८९० साली, बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन काढले. तेथे रंगकामासारखे विषय देशी भाषेतून शिकविण्याचा आग्रह होता.

भाषेचा विषय निघाला म्हणून आपल्या परिस्थितीकडे वळतो. आपली मुले घरी मराठी बोलतात, शाळेत व बाजारात हिंदी, आणि बी.एस्‌सी.च्या वर्गात अकस्मात इंग्रजी येते. शंका मनात मराठीत किंवा हिंदीत उठते. ती इंग्रजीत विचारावयाची म्हणून मुले ती गिळून टाकतात. कन्येने धड्यांत एक साधी सोय केली : पारिभाषिक शब्द परीक्षेसाठी इंग्रजीच ठेवले, पण 'तुला असे का वाटते?' या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही भाषेत लिहावे. त्या दिवसापासून एका ओळीच्या उत्तरांच्या पाच-पाच ओळी झाल्या. भ्रमणध्वनी तीन भावंडांत एक आणि तोही रात्री मिळणारा, अशीही मुले वर्गात आहेत. म्हणून तिचे धडे चित्रे व मजकूर यांचेच, अगदी हलके.

या झाशीनगरीत ज्ञानाच्या ठेव्याची एक दुःखद स्मृती आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ च्या रणधुमाळीत येथे होते. त्यांच्या 'माझा प्रवास' या १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात येथील संपन्न ग्रंथसंग्रहाची झालेली नासधूस वाचून आजही मन विषण्ण होते. एका वाड्यातील एकच ठेवा. तो गेला, तो गेलाच. आज तसा ठेवा हजार ठिकाणी एकाच वेळी ठेवता येतो. बुंदेलखंड विद्यापीठ १९७५ साली स्थापन झाले. आपल्या मंडळाप्रमाणे त्याचीही पन्नाशी झाली. या पन्नाशीत आपल्या मंडळाने एक लहानसे काम अंगावर घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

रविवारी सकाळी मंडळाची एक खोली पदवीच्या विद्यार्थ्यांना, मराठी असोत वा नसोत, उघडून द्यावी. तेथे दोन संगणक व इंटरनेट असावे. आपल्यातील निवृत्त अध्यापकांनी चुकांच्या वहीत भर घालावी. आणि आमच्यासारख्या अडाणी वडीलधाऱ्यांनी पहिले विद्यार्थी व्हावे. बापाला चुकताना पाहिले म्हणजे मुलांची चुकण्याची भीती जाते, हा आमचा अनुभव आहे.

शेवटी त्या न केलेल्या प्रयोगाविषयी. महाविद्यालय उघडल्यावर कन्येने परवानगी मागून तोच प्रयोग पुन्हा केला. गुण तर मिळूनच गेले होते. जुन्या वहीत उतरवून घेतलेली तिन्ही वाचने तंतोतंत एकसारखी होती, ९.८, ९.८, ९.८. तिच्या हातची आली १०.४, १०.१ आणि १०.१. ती घरी आली आणि दोन्ही पाने आमच्यासमोर ठेवून म्हणाली, "बाबा, खरे पान कोणते ते ओळखा." आमचा उभा जन्म कागद तपासण्यात गेला, ते ओळखावयास आम्हांस रसायनशास्त्राची गरज पडली नाही. त्या दिवशी मात्र आम्ही पेढे आणले.